आयर्न ऑक्साइड प्रकाश-विद्युतअग्रांची ‘सुधारणा’ : सौर जलविघटनविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

तुळशीवृंदावनाला दिला जाणारा गेरू, लोखंडी नळावर चढणारा गंज आणि प्रयोगशाळेत काचेवर चढविलेला हेमाटाईटचा तांबूस थर हे तिन्ही एकाच कुळातील पदार्थ होत. गेरूचा लाल रंग हेमाटाईटचाच असतो. गंजातील जलयुक्त लोह ऑक्साइड तापविले असता त्याचेही रूपांतर हेमाटाईटमध्ये होते. हा पदार्थ विषारी नाही, विपुल आहे, अल्कधर्मी द्रावणात टिकतो आणि दृश्य प्रकाशाचा मोठा भाग शोषतो. त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन करण्यासाठी त्याचा उपयोग व्हावा, ही कल्पना स्वाभाविकपणे पुढे आली. फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या साहाय्याने असे विघटन दाखविले आणि १९७६ मध्ये हार्डी व बार्ड यांनी आयर्न ऑक्साइडचा थर याच कामासाठी वापरून पाहिला. तेव्हापासून आजतागायत या विद्युतअग्राची ‘सुधारणा’ चालू आहे.

प्रस्तुत लेखात या सुधारणेचा इतिहास सांगण्यापेक्षा ‘सुधारणा’ या शब्दाची तपासणी करावयाची आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत व त्यांना संलग्न महाविद्यालयांत पातळ थरांवरील संशोधनाची दीर्घ परंपरा आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील विज्ञान विभागही मार्गदर्शक व पदव्या यांच्याद्वारे या परंपरेशी जोडलेले आहेत. या परंपरेत थर तयार करण्याचे कौशल्य भरपूर आहे. त्या मानाने थर खरोखर पाणी फोडतो की नाही, हे तपासण्याची शिस्त मात्र उणी पडते. सुधारणेचे बरेच दावे या उणिवेवरच उभे असतात.

कोल्हापूर ते नांदेड : एका परंपरेचा विस्तार

मराठी मुलखातील या संशोधनाचे मूळ प्रामुख्याने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सापडते. महागडी निर्वात यंत्रे न वापरता द्रावणातून थर बनविण्याच्या पद्धती तेथे मोठ्या चिकाटीने विकसित झाल्या. प्रमोद पाटील यांचा स्प्रे पायरोलिसिस म्हणजे तप्त काचेवर द्रावण फवारून थर चढविण्याच्या पद्धतीवरील १९९९ चा समीक्षालेख आजही या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्यास उपयोगी पडतो. राजाराम माने व चंद्रकांत लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपण पद्धतीवरील लेख २००० साली, तर हबीब पठाण व लोखंडे यांचा आळीपाळीने बुडवून थर चढविण्याच्या पद्धतीवरील लेख २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढे माने यांनी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संशोधन व मार्गदर्शन केले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा वा सेनगाव येथील भौतिकशास्त्राचा वा रसायनशास्त्राचा प्राध्यापक पातळ थरांकडे वळतो, त्यामागे हा वारसा आहे. त्याबरोबर एक व्यावहारिक कारणही आहे. भट्टी, चंचुपात्रे, वजनकाटा व काचपट्ट्या एवढ्या सामग्रीवर हे काम सुरू करता येते.

या परंपरेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परिघावरील महाविद्यालयाला प्रत्यक्ष प्रयोग करू देणारे विषय मुळातच थोडे असतात. तथापि, या परंपरेतून एक संदिग्धताही वारशाने आली आहे. शिवाजी विद्यापीठातील भोसले, राजपुरे व सहकाऱ्यांचा हेमाटाईट थरांवरील २०११ चा लेख आपल्या शीर्षकातच ‘प्रकाश-विद्युत्-रासायनिक सौर घट’ हा उपयोग सांगतो. असा घट आणि जलविघटनाचा घट या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिल्या प्रकारात द्रावणातील एखादा सहज ऑक्सिडीकृत होणारा घटक एका विद्युतअग्रावर बदलतो व दुसऱ्यावर पूर्ववत होतो. त्यात हाती वीज येते आणि द्रावण होते तसेच राहते. दुसऱ्या प्रकारात पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढून घेऊन ऑक्सिजन मुक्त करावा लागतो. ही अभिक्रिया कमालीची मंद असते. पहिल्या प्रकारच्या घटात गुणकारी ठरलेला थर दुसऱ्यात निष्प्रभ ठरू शकतो. लेखकांनी आपल्या शीर्षकात उपयोग नेमका सांगितला आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. असे लेख पुढे उद्धृत होताना मात्र ‘सौर घट’ व ‘जलविघटन’ यांतील सीमारेषा पुसली जाते. प्रस्तावनेत हायड्रोजनचे स्वप्न, मध्ये क्ष-किरण विवर्तनाचे आलेख आणि शेवटी ‘हा थर जलविघटनास उपयुक्त ठरू शकेल’ असे वाक्य, असा एक साचाच तयार झाला आहे. या साच्यातील ‘शकेल’ या क्रियापदावर कितीतरी प्रबंध तोलून धरलेले असतात.

हेमाटाईटची मूळ अडचण

हेमाटाईटचा बँड गॅप सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे जवळपास ५९० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचा प्रकाश तो शोषतो. प्रमाणित सूर्यप्रकाशात हे सर्व फोटॉन कामी आले, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १२.६ मिलिअँपिअर प्रवाह मिळावा. पाण्याच्या विघटनाचे १.२३ व्होल्ट धरले असता ही कार्यक्षमता सुमारे १५.५ टक्के येते. आकडा मोहक आहे आणि जवळजवळ प्रत्येक लेखाच्या प्रस्तावनेत तो आढळतो.

परंतु शोषलेल्या प्रकाशातून निर्माण होणारा होल, म्हणजे धन प्रभाराचा वाहक, हेमाटाईटमध्ये फार दूर जाऊ शकत नाही. त्याची विसरण-लांबी २ ते ४ नॅनोमीटर असल्याचे एक मोजमाप आहे, तर दुसरे फार तर २० नॅनोमीटरचे. याउलट ५५० नॅनोमीटरचा प्रकाश पुरेसा शोषला जाण्यासाठी थराची जाडी शंभराहून अधिक नॅनोमीटर लागते. म्हणजे प्रकाश खोलवर शोषला जातो, पण तेथे जन्मलेला होल पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनशी पुन्हा संयोग पावून नाहीसा होतो. थर पातळ केला तर प्रकाश आरपार जातो. जाड केला तर होल वाटेत मरतो. गेल्या चार दशकांतील बहुतेक सुधारणा या एका पेचाभोवती फिरतात.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. हेमाटाईटचा वहनपट्टा हायड्रोजन निर्माण करण्यास लागणाऱ्या पातळीच्या खाली आहे. ऑक्सिजन मुक्त करण्याची ताकद त्याच्या होलांत आहे, पण हायड्रोजन मुक्त करण्याची ताकद त्याच्या इलेक्ट्रॉनांत नाही. बाहेरून विद्युत्-दाब दिल्याशिवाय एकटे हेमाटाईट पाणी फोडू शकत नाही.

येथेच पहिली मोठी गफलत घडते. या क्षेत्रात प्रवाहघनता उत्क्रमणीय हायड्रोजन विद्युतअग्राच्या सापेक्ष १.२३ व्होल्टवर नोंदविण्याचा संकेत आहे. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतील थरांची तुलना करण्यासाठी तो सोयीचा आहे. पण १.२३ व्होल्ट ही तर पाणी फोडण्यासाठी लागणारी किमान ऊष्मागतिकीय किंमतच होय. ती संपूर्ण किंमत विजेच्या रूपाने बाहेरून मोजल्यावर सूर्याचे निव्वळ योगदान हिशेबात शून्य येते. कार्यक्षमतेच्या सूत्रात प्रवाहाला १.२३ वजा दिलेला दाब याने गुणावयाचे असते, आणि १.२३ मधून १.२३ वजा केल्यास उरते काय? लोझानच्या ग्रॅट्झेल गटाने २००६ मध्ये सिलिकॉनयुक्त हेमाटाईटसाठी २.२ मिलिअँपिअर व कोबाल्टच्या प्रक्रियेनंतर २.७ मिलिअँपिअर नोंदविले. २०१० मध्ये त्याच गटाने इरिडियम ऑक्साइडच्या साहाय्याने ३.३, तर २०१३ मध्ये कोरियातील गटाने प्लॅटिनमयुक्त कृमिसदृश रचनेद्वारे व कोबाल्ट फॉस्फेट लावून ४.३२ मिलिअँपिअरपर्यंत मजल मारली. हे सर्व आकडे १.२३ व्होल्टवरील आहेत. ते महत्त्वाचे टप्पे आहेत यात संशय नाही, पण त्यांतील एकही आकडा सौर हायड्रोजनची कार्यक्षमता सांगत नाही. या आकड्यांना सरळ १.२३ ने गुणून ‘पाच टक्के कार्यक्षमता’ असे लिहिणे ही हिशेबातील चूक आहे. २०१५ मध्ये हेमाटाईटला सिलिकॉनच्या विद्युतअग्राची जोड देऊन बाहेरील विजेविना पाणी फोडण्यात आले. तेव्हा मिळालेली कार्यक्षमता ०.९१ टक्के होती. हा आकडा लहान आहे, पण तो खऱ्या अर्थाने कार्यक्षमतेचा आहे.

नामवंत नियतकालिकेही अशा गफलतीपासून मुक्त नाहीत. २००२ साली ‘सायन्स’मध्ये कार्बनयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडसाठी ८.३५ टक्के कार्यक्षमतेचा दावा प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी खुद्द फुजिशिमा यांच्यासह अन्य संशोधकांनी त्यावर तांत्रिक आक्षेप नोंदविले. वादाचा रोख थराच्या गुणापेक्षा मोजमापावर व हिशेबावर होता. त्यानंतर २०१० मध्ये या क्षेत्रातील मोजमापाचे व नोंदींचे प्रमाणित संकेत सविस्तर प्रसिद्ध झाले. आता ते नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

सुधारणांचा अर्थ

या पेचावर योजलेले उपाय स्थूलमानाने सर्वांना परिचित आहेत. नॅनोरचना हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय. थर सपाट न ठेवता त्याचे बारीक स्तंभ वा कण केले की प्रकाशाला लांब वाट मिळते व होलाला आखूड. तत्त्व निर्दोष आहे. परंतु पृष्ठभाग वाढला की पृष्ठभागावरील दोषही वाढतात आणि पुनःसंयोगाची स्थाने बहुगुणित होतात. सूक्ष्मदर्शकाखालील सुंदर चित्र हा अधिक प्रवाहाचा पुरावा होऊ शकत नाही. ‘फुलकोबीसारखी रचना’, ‘नॅनोगुलाब’ अशा उपमांनी सजलेल्या लेखांत प्रवाह-दाब आलेख शेवटच्या पानावर संकोचाने उभा असतो, हे चित्र नवे नाही.

डोपिंगचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. कथिल, टायटॅनियम, सिलिकॉन, झिर्कोनियम इत्यादी मूलद्रव्ये मिसळल्याने हेमाटाईटची वाहकता वाढते, हे सिद्ध आहे. पण वाहकता वाढते ती मुख्यतः इलेक्ट्रॉनांची, तर अडचण होलांची आहे. शिवाय डोपिंग हेतुपूर्वक केलेले असते असेही नाही. २०१० मध्ये ग्रॅट्झेल गटाने दाखविले की, थर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापविल्यावर तो एकाएकी सक्रिय होतो आणि त्याचे श्रेय काचेवरील वाहक लेपातून वर झिरपलेल्या कथिलाकडे जाते. म्हणजे एखाद्या संशोधकाने स्वतः मिसळलेल्या द्रव्याला श्रेय द्यावे आणि वस्तुतः काम काचेतून आलेल्या कथिलाने केलेले असावे, असे घडू शकते. त्याच तापमानाला, त्याच काचेवर, द्रव्य न मिसळलेला थर तपासल्याशिवाय डोपिंगचा दावा अर्धवटच राहतो.

येथे स्वस्ताईच्या दाव्याचाही परामर्श घेणे उचित ठरेल. लोह स्वस्त आहे, हे खरेच. पण ज्या काचेवर तो थर असतो, तिच्यावर फ्लोरीनयुक्त कथिल ऑक्साइडचा लेप असतो व ती काच स्वस्त नसते. उल्लेखिलेल्या विक्रमांत इरिडियम व प्लॅटिनम आहेत. ८०० अंशांच्या कितीतरी आधी साधी काच मऊ पडू लागते. ‘गंजापासून इंधन’ हे शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभतात, पण संशोधनलेखात त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह हवे.

उत्प्रेरकांविषयीचा वाद अभ्यासकास सर्वाधिक शिकविणारा आहे. कोबाल्ट फॉस्फेटचा लेप दिल्यावर प्रवाह कमी दाबालाच सुरू होतो, याबद्दल दुमत नाही. तो असे का करतो याविषयी मात्र मतभेद झाले. लंडनमधील ड्युरंट यांच्या गटाने २०११ मध्ये मांडले की, लेपामुळे मुख्यतः पुनःसंयोग मंदावतो व होल अधिक काळ जगतात. २०१२ मध्ये हॅमन यांच्या गटाने प्रतिबाध मापनाच्या आधारे दाखविले की, लेप होल गोळा करतो व त्याद्वारे ऑक्सिडीकरण घडते. ‘उत्प्रेरक लावला, म्हणून अभिक्रिया वेगवान झाली’ हे वाक्य वरवर निरुपद्रवी वाटते, पण ते पुराव्याविना लिहिता येत नाही, हा या वादाचा धडा.

१२.६ मिलिअँपिअर ही कमाल मर्यादाही आता तशी राहिलेली नाही. हेमाटाईटने शोषलेला प्रत्येक फोटॉन मुक्त प्रभारवाहक देत नाही. काही शोषण लोहाच्या अणूपाशीच जखडून राहणाऱ्या उत्तेजनात खर्च होते. इस्रायलमधील टेक्निऑनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अतिपातळ थरांवर हे वर्णपटनिहाय मोजून दाखविले. म्हणजे इतकी वर्षे ज्या तुटीचे खापर थराच्या घडणीवर फोडले गेले, त्या तुटीचा काही भाग पदार्थाच्या स्वभावातच होता. त्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या लेखांनीही १२.६ चा आकडा निमूटपणे उद्धृत करावा, हे आश्चर्यकारक आहे.

काय मोजावे, आणि कोठे

हेमाटाईटची उपयुक्तता अजमावताना एक साधा हिशेब मांडता येतो. १० टक्के कार्यक्षमतेसाठी बाहेरील दाबाविना दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ८.१ मिलिअँपिअर हवेत. असा एक चौरस मीटरचा फलक पूर्ण उन्हात तासाला सुमारे ३ ग्रॅम हायड्रोजन देईल. दिवसाचे ५ तास पूर्ण ऊन धरल्यास सुमारे १५ ग्रॅम. त्यासाठी पाणी लागेल अवघे १३७ ग्रॅमच्या आसपास. मराठवाड्यातील पाणीटंचाईचा दाखला देऊन या तंत्रावर आक्षेप घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. अडचण पाण्याची नाही. आजचा २० टक्क्यांचा सौर फलक साध्या विद्युत् विच्छेदकाला जोडला तरी एकंदर कार्यक्षमता १२ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी मिळाली. त्याचे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्टही अशा विद्युत् विच्छेदनावरच विसंबून आहे. हेमाटाईटला या जोडीशी स्पर्धा करावयाची आहे. ही गोष्ट प्रस्तावनेत न लिहिणे म्हणजे वाचकापासून प्रतिस्पर्ध्याचे नाव लपविणे होय.

मग जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने हा विषय सोडून द्यावा काय? तसे नाही. विक्रमी प्रवाहाच्या शर्यतीत त्याने उतरू नये, इतकेच. मोजमापाच्या ज्या बाबतीत हे क्षेत्र ढिले आहे, तेथे साध्या साधनांनी भक्कम काम करता येते.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने केली जाणारी चाचणी हे त्याचे उत्तम उदाहरण. २०११ मध्ये प्रचारात आलेल्या या चाचणीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पेरॉक्साइड मिसळतात. त्याचे ऑक्सिडीकरण इतके सुलभ आहे की पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला जवळपास प्रत्येक होल कामी येतो. समजा, साध्या द्रावणात ०.३ मिलिअँपिअर व पेरॉक्साइडसह ०.९ मिलिअँपिअर मिळाले, तर पृष्ठभागावर आलेल्या तीन होलांपैकी एकच पाणी फोडतो आणि उरलेले दोन तेथेच वाया जातात, असे अनुमान काढता येते. अशा थराला उत्प्रेरकाची गरज आहे. दोन्ही आकडे सारखेच व दोन्ही लहान आले, तर दोष थराच्या अंतर्भागात आहे आणि उत्प्रेरक लावून काही साधणार नाही. कोणत्या सुधारणेने कोणता दोष दूर झाला, हे सांगणारी ही चाचणी औषधी दुकानात मिळणाऱ्या रसायनाच्या जातीच्याच, पण शुद्ध व तीव्रता ठाऊक असलेल्या द्रव्याने होते. तरीही ती प्रबंधांत अभावानेच दिसते.

वायू प्रत्यक्ष गोळा करणे ही दुसरी बाब. एक चौरस सेंटीमीटर थरातून १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर जेमतेम ०.४५ घनसेंटीमीटर हायड्रोजन मिळतो. बुडबुडे दिसले म्हणून पाणी फुटले, असे म्हणता येत नाही. पण थर १० चौरस सेंटीमीटरचा घेतला आणि प्रयोग ५ तास चालविला, तर सुमारे २३ घनसेंटीमीटर हायड्रोजन व त्याच्या निम्मा ऑक्सिजन अपेक्षित आहे. अंशांकित नळीत तो सहज मोजता येतो. पदवीच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील हॉफमन व्होल्टामीटर याच कामासाठी असतो. हाती आलेला वायू प्रवाहाच्या हिशेबाशी जुळला नाही, तर प्रवाहाचा उरलेला भाग थर विरघळण्यात किंवा अन्य अभिक्रियेत गेला असे समजावे. दोन्ही वायू वेगळे ठेवण्याची दक्षता मात्र अनिवार्य आहे, कारण त्यांचे मिश्रण स्फोटक असते.

तिसरी बाब प्रकाशाची. हॅलोजन दिव्याखाली शक्तिमापकावर १०० मिलिवॅट दिसले, म्हणजे सूर्यप्रकाश मिळाला असे नव्हे. त्या दिव्याचा मोठा भाग तांबडा व अवरक्त असतो आणि ५९० नॅनोमीटरपलीकडील हा प्रकाश हेमाटाईटच्या उपयोगाचा नसतो. झेनॉन दिव्यात याउलट अतिनील अंश अधिक असल्यास आकडा फुगतो. हिंगोलीच्या विद्यार्थ्याला सौर अनुरूपक यंत्र परवडत नसेल, पण मार्च-एप्रिलमधील निरभ्र दुपार विनामूल्य उपलब्ध आहे. अंशांकित प्रकाशमापकासह गच्चीवर नोंदविलेली शंभर तासांची टिकाऊपणाची नोंद, अनुरूपकाखालील दहा मिनिटांच्या विक्रमापेक्षा अधिक काही सांगून जाते. अशी नोंद घेणारे थोडे, कारण तिला वेळ लागतो. २०१० नंतरच्या गुणांकपद्धतीत लेखांची संख्या मोजली गेली. पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली आणि ती २०२५ मध्ये रद्दही झाली. या साऱ्या काळात शंभर तासांच्या एका नोंदीला वेगळा गुण कोणी दिला नाही. संशोधक विद्यार्थी चार-पाच वर्षे या कामात घालवितो, त्याला शेवटी कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले हे मार्गदर्शकाने विचारावयास हवे, ते राहून जाते.

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया वेधशाळेची उभारणी होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंच्या या यंत्राचा बहुतेक खटाटोप संकेत आणि गोंगाट यांना वेगळे करण्यासाठीच आहे. तेथून हाकेच्या अंतरावरील प्रयोगशाळेत अंधारातील प्रवाह वजा न करता उजेडातील प्रवाह ‘प्रकाशप्रवाह’ म्हणून छापला जावा, ही विसंगती खटकते. झडप उघडझाप करीत घेतलेला एक आलेखही ती दूर करण्यास पुरेसा आहे.

प्रबंध परीक्षकांच्या हाती या बाबतीत बरेच आहे. क्ष-किरण विवर्तनाची शिखरे कोणत्या प्रतलांची, हे मौखिक परीक्षेत हमखास विचारले जाते. त्याबरोबर एकच थर की निदान पाच थर मोजले, त्यांच्यातील फरक किती, प्रकाशित क्षेत्रफळ कसे मोजले, संदर्भ विद्युतअग्राचे रूपांतर कोणत्या सामूनुसार केले, डोपिंगविना त्याच तापमानाला तापविलेला थर काय देतो आणि वायू गोळा केला काय, एवढे विचारले गेले, तर प्रबंधातील तक्त्यांत आज नसलेले स्तंभ येऊ लागतील. काही स्तंभांत शून्यही येतील. डोपिंगने काहीच फरक पडला नाही, हे पाच थरांवरून सिद्ध करणारा तक्ता छापण्याजोगा आहे, कारण त्यामुळे दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची दोन वर्षे वाचतात.